वेम्बीच्या स्पर्सनी पॉईंट गार्डसाठी थांबायचं की ट्रेड करायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा वाद मुळात सुरू कुठून झाला?

2022 च्या उन्हाळ्यात एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या सॅन अँटोनियो स्पर्सनी आपला ऑलस्टार पॉईंट गार्ड (बॉल पुढे आणून ऑफेन्स चालवणारा प्लेअर) डेजॉन्टे मरे अटलांटाला दिला आणि बदल्यात पहिल्या फेरीचे तीन पिक (ड्राफ्टमध्ये नवे प्लेअर निवडायचे हक्क) आणि 2026 चा एक स्वॅप (दोघांच्या पिकांपैकी वरचं घ्यायचा हक्क) घेतला. सरळ सरळ सगळं मोडून नव्याने बांधायला घेतलं होतं. त्या सीझनला 22 जिंकल्या 60 हरल्या, मग 2023 ची लॉटरी (ड्राफ्टच्या वरच्या पिकचा क्रम ठरवणारी सोडत) लागली, पहिलं पिक मिळालं आणि विक्टर वेम्बानयामा, म्हणजे वेम्बी, आला. आता असा प्लेअर हाती लागला की लोकांचा धीर सुटतो, ते साहजिकच आहे, कारण टीमकडे जगातला सगळ्यात वेगळा बिग मॅन होता आणि त्याला नीट बॉल पोचवणारा माणूस पहिल्या पाचात नव्हता. तिथून दोन गट पडले. एक म्हणायचा आत्ताच्या आत्ता गार्ड आणा, दुसरा म्हणायचा पोरगा एकोणीस वर्षांचा आहे, घाई कसली.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. स्पर्स थांबले ते बरोबर केलं, आणि फेब्रुवारी 2025 ला सॅक्रामेंटोचा गार्ड डिॲरन फॉक्स याच्यासाठी ट्रेड केला ते पण बरोबर केलं. दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकतं कारण मधल्या काळात किंमत बदलली.

सगळे आता बॉल हँडल करतात, मग खास पॉईंट गार्ड कशाला लागतो?

ओपन कोर्टवर नाही लागत. पण हाफकोर्टमध्ये, समोरची टीम सेट झालेली असताना, पिक अँड रोल (बिग मॅन डिफेन्डरला अडवून मग रिमकडे पळतो तो डाव) चालवताना डिफेन्डर नक्की कुठल्या क्षणी वेम्बीला सोडून बॉलकडे वळतो ते बघून त्याच क्षणी पास सोडायचा असतो. अर्धा सेकंद उशीर झाला की लॉब, म्हणजे रिमजवळ टाकायचा उंच पास, गेला. वेम्बीच्या बाबतीत तर अजून अवघड, कारण त्याला पास इतका उंच टाकता येतो की नवख्या गार्डला ती उंची डोळ्यासमोरच येत नाही, तो छातीच्या लेव्हलला पास देतो आणि तिथे चार हात असतात. पहिल्या सीझनला हे इतक्या वेळा झालं की बघणाऱ्याला वाईट वाटायचं, पोरगा रिमजवळ हात वर करून उभा आणि बॉल दुसऱ्याच बाजूला चाललाय.

जेरेमी सोहानला पॉईंट गार्ड केलं होतं तो प्रयोग काय होता?

2023-24 च्या सुरुवातीला कोच ग्रेग पॉपोविचनी सोहानला पॉईंट गार्ड म्हणून उतरवलं. सोहान मुळात फॉरवर्ड, 6 फूट 8 इंच, वय वीस, डिफेन्स जबरदस्त, पण त्याने आयुष्यात कधी रेग्युलर हे काम केलेलं नव्हतं. विचार असा होता की सीझन तसाही शिकण्याचा आहे तर पोराला खोल पाण्यात टाकून बघू. त्या सीझनला टीम सलग 18 मॅच हरली, फ्रँचायझीच्या इतिहासातली सगळ्यात लांब मालिका. सगळा दोष सोहानचा अजिबात नाही, टीमच कच्ची होती, पण जानेवारीत ट्रे जोन्सला स्टार्टर केलं तेव्हा फरक लगेच दिसला. जोन्स काही स्टार नाही, बुटका आहे, शूटिंग साधारण, पण बॉल वेळेवर देतो आणि टर्नओव्हर करत नाही, म्हणजे बॉल गमावत नाही. नुसता एवढा साधा, खरा गार्ड आल्यावर वेम्बी खुलला. शेवटी वेम्बीला रुकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवख्या प्लेअरचा मान, एकमताने मिळाला, 21.4 पॉईंट, 10.6 रिबाऊंड आणि 3.6 ब्लॉकची सरासरी, आणि टीम मात्र परत 22-60.

या प्रयोगावर माझा राग आहे आणि तो अजून गेलेला नाही. थांबणं वेगळं आणि आपल्या सगळ्यात मौल्यवान प्लेअरला तीन महिने चुकीच्या पासवर पळवणं वेगळं. धीर धरायचा असेल तर निदान जोन्सला पहिल्या दिवसापासून खेळवायचं होतं, तो टीममध्येच होता ना.

मग फेब्रुवारी 2024 लाच अटलांटाचा स्टार गार्ड ट्रे यंगला का नाही आणलं? तेव्हा तर सगळीकडे तेच चाललं होतं.

चर्चा खूप होती, मान्य. पण बाजू नीट बघा. अटलांटाचे 2025 आणि 2027 चे पिक विनाप्रोटेक्शन (कितीही वरचं आलं तरी अटलांटाला परत न जाणारे) स्पर्सकडे होते, वर 2026 चा स्वॅप. अटलांटा यंगला सोडणार म्हणजे टीम नव्याने बांधणार, आणि स्वतःचे पिक दुसऱ्याच्या खिशात असताना कोण नव्याने बांधायला घेईल? म्हणजे त्यांनी पहिली मागणी तीच केली असती, आमचे पिक परत द्या. आणि यंग निघाला की ती टीम पडणार, टीम पडली की त्याच पिकची किंमत चढणार. म्हणजे स्पर्सनी स्वतःच्या हाताने सगळ्यात भारी गोष्ट परत करायची आणि वरून एका छोट्या गार्डला मॅक्स (नियमात बसणारा सगळ्यात मोठा) पगार द्यायचा, ज्याचा डिफेन्स कायम कच्चा राहिलाय. माझ्या मते हा सौदा नाकारणं हा या पूर्ण गोष्टीतला सगळ्यात चांगला निर्णय, पण न झालेल्या ट्रेडचं कौतुक कोणी करत नाही.

दुसरं असं की तेव्हा वेम्बीबद्दलच पुरतं कळलेलं नव्हतं. तो फॉरवर्ड की सेंटर हे सुद्धा डिसेंबरमध्ये ठरलं, आधी झॅक कॉलिन्स सेंटर खेळत होता. मुख्य माणूस कुठे उभा राहणार हेच माहीत नसताना त्याच्या शेजारचा कसा निवडणार?

थांबले म्हणजे वर्षभर हातावर हात ठेवून बसले का?

नाही, आणि इथेच बऱ्याच जणांची गफलत होते. 2024 च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या पिकवर स्टेफॉन कॅसलला घेतलं, यूकॉनकडून नुकताच चॅम्पियन झालेला, अंगाने मजबूत, डिफेन्सला वाघ, तीनचा शॉट मात्र कच्चा. आठवं पिक पण होतं, ते मिनेसोटाला दिलं आणि बदल्यात त्यांचं 2031 चं पहिल्या फेरीचं पिक आणि 2030 चा स्वॅप घेतला. त्या रात्री लोक किती चिडले होते, सात वर्षांनंतरचं पिक घेऊन काय करणार, तेव्हा वेम्बी कुठे असेल म्हणून. हे मिनेसोटाचं पिक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि जुलैत क्रिस पॉल आला, एका वर्षाच्या करारावर. कुणालाही न देता, फ्री एजंट म्हणून, म्हणजे करार संपून मोकळा झालेला. चाळिशीला टेकलेला माणूस त्या सीझनच्या सगळ्या 82 मॅच स्टार्ट झाला, साडेसातच्या आसपास असिस्ट दिले, आणि स्पर्सच्या जर्सीतच डिसेंबरमध्ये जेसन किडला मागे टाकून एकूण असिस्टच्या यादीत दुसरा झाला. पॉलकडून टीमला चॅम्पियनशिप मिळणार नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं. त्याचं काम होतं वेम्बी आणि कॅसलला रोज दाखवणं की नीट चालवलेलं ऑफेन्स कसं वाटतं, कुठे उभं राहायचं, स्क्रीन कधी सोडायचा, रेफ्रीशी कसं बोलायचं. तरुण टीमला थांबायचं असेल तर असं थांबावं, एक वर्षाचा करार, जाणता माणूस, आणि पिक सगळे शाबूत.

फॉक्ससाठी नक्की काय काय दिलं?

फेब्रुवारी 2025 च्या सुरुवातीला, लुका डॉन्चिच लेकर्सला गेला त्याच वीकेंडला, त्यामुळे अर्ध्या जगाचं याच्याकडे लक्षच गेलं नाही. तीन टीमचा ट्रेड होता. स्पर्सना डिॲरन फॉक्स आणि जॉर्डन मॅक्लॉफ्लिन मिळाले. सॅक्रामेंटोला शिकागोकडून झॅक लवीन मिळाला, स्पर्सकडून सिडी सिसोको आणि पहिल्या फेरीचे तीन पिक, म्हणजे शार्लटचं 2025 चं प्रोटेक्टेड, स्पर्सचं स्वतःचं 2027 चं आणि ते मिनेसोटाचं 2031 चं, शिवाय दुसऱ्या फेरीचे काही. शिकागोला कॉलिन्स, ट्रे जोन्स, केव्हिन हर्टर आणि स्पर्सकडे अडकलेलं स्वतःचंच 2025 चं पिक परत.

आता काय नाही दिलं ते बघा, कारण खरा हिशोब तिथे आहे. कॅसल नाही दिला. डेव्हिन व्हसेल नाही दिला. अटलांटाचं एकही पिक नाही दिलं. शार्लटचं पिक लॉटरी प्रोटेक्टेड होतं, म्हणजे पहिल्या 14 मध्ये आलं तर शार्लटकडेच राहणारं, आणि ती टीम 19-63 वर संपली, त्यामुळे ते दुसऱ्या फेरीत घसरलं. स्पर्सचं 2027 चं पिक म्हणजे तोपर्यंत वेम्बी ठणठणीत असेल तर फेरीच्या शेवटी येणारं पिक. आणि स्पर्सकडे 2027 ला अटलांटाचं आहेच, एनबीएच्या नियमाप्रमाणे पुढची सलग दोन वर्षं पहिल्या फेरीचं एकही पिक उरणार नाही असा ट्रेड टीमला करता येत नाही, ती अडचण पण त्यामुळे आली नाही. म्हणजे ज्याच्यासाठी लोक चिडले होते ते मिनेसोटाचं पिकच खऱ्या अर्थाने किंमत म्हणून गेलं. ब्रायन राईट या जनरल मॅनेजरला मी याचं श्रेय मनापासून देतो.

इतक्या चांगल्या गार्डला सॅक्रामेंटोने एवढ्या स्वस्तात सोडलं कसं?

कारण त्यांच्याकडे वेळ उरला नव्हता. फॉक्सचा करार 2026 च्या उन्हाळ्यात संपणार होता, वाढवून घ्यायला तो तयार नव्हता, आणि त्याला सॅन अँटोनियोलाच जायचंय ही बातमी सगळीकडे पसरलेली. फॉक्स वाढला टेक्सासमध्येच, ह्यूस्टनजवळच्या केटीला. प्लेअर एकाच टीमचं नाव घेतो तेव्हा बाकीच्या टीम मागे हटतात आणि किंमत पडते. 2024 ला ही परिस्थिती नव्हती, 2025 ला झाली. थांबल्याचा फायदा म्हणजे हाच.

सॅक्रामेंटोची गोष्ट आपल्याकडच्या लोकांनी तर वाचायलाच हवी, मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, आणि ऑक्टोबर 2019 ला एनबीएच्या भारतातल्या पहिल्या दोन मॅच वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाल्या तेव्हा किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स असाच सामना होता. आणि याच दोन टीमनी फेब्रुवारी 2022 ला ट्रेड केला. किंग्जकडे फॉक्स आणि टायरीस हॅलिबर्टन असे दोन तरुण पॉईंट गार्ड होते, त्यांनी फॉक्सला ठेवलं, हॅलिबर्टन देऊन डोमांतास साबोनिस आणला. पुढच्याच सीझनला 48 मॅच जिंकून 16 सीझनच्या खंडानंतर प्लेऑफमध्ये गेले, फॉक्सला क्लच प्लेअर ऑफ द इयरचा पहिलावहिला मान मिळाला, सॅक्रामेंटोच्या लोकांनी जे काही साजरं केलं ते बघण्यासारखं होतं. पण नंतर टीम तिथेच अडकली, कोच माईक ब्राऊनला डिसेंबर 2024 मध्ये काढलं, दोन महिन्यात फॉक्सही गेला. तिकडे हॅलिबर्टन इंडियानाला घेऊन 2025 च्या फायनलच्या सातव्या मॅचपर्यंत पोचला. तीन वर्षात दोन्ही गार्ड हातातून गेले. घाई केली म्हणून असं झालं असं मी म्हणणार नाही, 2022 चा ट्रेड त्या वेळी टीमला हवाच होता, पण 48 नंतर पुढचं पाऊल कुठलं हे कुणी ठरवलंच नाही असं वाटतं.

फॉक्स आल्यावर तर टीम हरतच राहिली की?

हो, 34-48 वर संपली. पण याचा आणि ट्रेडच्या बऱ्यावाईटाचा संबंध लावणं अन्यायाचं आहे. पॉपोविचना नोव्हेंबर 2024 मध्ये स्ट्रोक आला, मिच जॉन्सननी मध्येच टीम हातात घेतली. ट्रेडनंतर काही दिवसांतच वेम्बीच्या उजव्या खांद्यात रक्ताची गुठळी सापडली आणि त्याचा सीझन 46 मॅचवर थांबला. त्या बातमीच्या दिवशी बास्केटबॉल वगैरे सगळं बाजूला राहिलं, पोरगा बरा होऊ दे एवढंच मनात होतं. मार्चमध्ये फॉक्सच्या करंगळीचं ऑपरेशन झालं. दोघं एकत्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच मॅच खेळले.

पण तीन महिन्यांनी लॉटरीत दुसरं पिक लागलं आणि डिलन हार्पर आला. थोडं थांबले असते तर फॉक्सची गरजच नव्हती, नाही का?

हा सगळ्यात कठीण प्रश्न आहे आणि दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतंच. मे 2025 ला स्पर्स आठव्या नंबरच्या शक्यतेवरून उडी मारून दुसऱ्या पिकवर आले, हार्परला घेतलं, मोठ्या बांध्याचा पॉईंट गार्ड, रिमपर्यंत हवं तेव्हा पोचतो. शिवाय अटलांटाच्या पिकवर चौदावा कार्टर ब्रायंट. कॅसल तोपर्यंत रुकी ऑफ द इयर झालेला. म्हणजे एकदम तीन गार्ड, तिघांनाही बॉल हवा, आणि तीनचा शॉट तिघांपैकी कुणाचाच भरवशाचा नाही.

तरी मी ट्रेडच्या बाजूने आहे. एक तर लॉटरी धरून प्लॅन करता येत नाही, फेब्रुवारीत बसून दुसरं पिक येणार हे कोणाला माहीत असणार? दुसरं, हार्पर आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. फॉक्स नसता तर त्याच्यावर पहिल्या दिवसापासून तेच ओझं पडलं असतं जे सोहानवर टाकलं होतं. फॉक्स आहे म्हणून हार्पर बेंचवरून येऊन शांतपणे शिकू शकतो, चुकला तर दुसरा आहे. आणि तिसरं म्हणजे वेम्बी रुकी करारावर (ड्राफ्टनंतरचा पहिला, कमी पगाराचा करार) आहे तोपर्यंतच मोठा पगार असलेला माणूस शेजारी परवडतो, ती सवलत 2027 ला संपते. शेतात पाणी असेपर्यंत पेरायचं असतं, तसं आहे हे.

प्रत्यक्षात काय झालं ते पण बघा. 2025-26 ची सुरुवात 5-0, फ्रँचायझीची सगळ्यात चांगली सुरुवात, आणि तेव्हा फॉक्स दुखापतीने बाहेर होता, कॅसल बॉल चालवत होता. नोव्हेंबरमध्ये वेम्बी पोटरीमुळे बाहेर गेला तर फॉक्सने टीम ओढली आणि जिंकत राहिले. दोन वर्षांपूर्वी असं झालं असतं तर सलग दहा तरी हरले असते. डिसेंबरमध्ये लास व्हेगासला एनबीए कपच्या सेमीफायनलमध्ये 24-1 वर असलेल्या ओक्लाहोमाला 111-109 ने हरवलं, ती मॅच ज्यांनी बघितली नसेल त्यांनी शोधून बघाच. फायनलला न्यूयॉर्ककडून हरले, ठीक आहे.

ओक्लाहोमासारखं नुसतं थांबत का नाही गेले? त्यांना तर टायटल मिळालं.

ओक्लाहोमा थांबली खरी, पण त्यांचा पॉईंट गार्ड ट्रेडमधूनच आलाय हे लोक विसरतात. 2019 ला पॉल जॉर्ज देऊन शे गिल्जस अलेक्झांडर आणि पिकची रास घेतली. मग 22-50, 24-58, 40-42, 57-25 आणि 2024-25 ला 68-14 आणि चॅम्पियन. थांबणं परवडलं कारण मुख्य माणूस आधीच गार्ड होता, ड्राफ्टमधून चेट होमग्रेन आणि जेलेन विल्यम्स हळूहळू आले. आणि 2024 ला जॉश गिडी हा गार्ड देऊन अलेक्स करूसो आणला, म्हणजे तिथेही वेळ आल्यावर ट्रेड केलाच.

घाईने ट्रेड करून पस्तावलेली टीम सांगा ना एखादी.

मिलवॉकी. 2023 च्या सप्टेंबरमध्ये डेमियन लिलार्डसाठी जरू हॉलिडे दिला. लिलार्ड मोठा प्लेअर, त्यात शंका नाही, पण हॉलिडे पोर्टलंडवरून बॉस्टनला गेला आणि 2024 चं टायटल जिंकला, तर मिलवॉकी दोन्ही वर्षं पहिल्याच फेरीत इंडियानाकडून हरली. दुसऱ्या वेळी लिलार्डचं अकिलीस फाटलं आणि 2025 च्या उन्हाळ्यात त्याला सोडून देऊन राहिलेला पगार पाच वर्षांत विभागून भरायची वेळ आली. टीमचा मुख्य स्टार यानिस याच्यासाठी केलं होतं सगळं, हेतू चांगलाच होता, पण जो डिफेन्स त्यांची ओळख होती तोच देऊन टाकला.

टोनी पार्करचं नाव या वादात सारखं का येतं?

कारण हीच फ्रँचायझी एकदा उलट चूक करता करता राहिली. पार्कर 2001 ला 28 व्या पिकवर आला, वय एकोणीस. 2003 ला टिम डंकनबरोबर टायटल जिंकला, पण फायनलच्या सहाव्या मॅचच्या शेवटी पॉपोविचनी त्याच्याऐवजी स्पीडी क्लॅक्सटनला खेळवलं, आणि त्याच उन्हाळ्यात ज्याला नुकतंच हरवलं त्या जेसन किडला फ्री एजंट म्हणून आणायचा प्रयत्न केला. विचार करा, एकवीस वर्षांचा चॅम्पियन गार्ड टीममध्ये असताना. किड न्यू जर्सीतच राहिला. पार्कर 2005 ला परत जिंकला, 2007 ला फायनलचा एमव्हीपी झाला, 2014 ला चौथं टायटल, आणि त्याचा 9 नंबर आता छताला टांगलेला आहे.

यावरून लोक म्हणतात बघा, थांबायलाच हवं. मला त्यातून कॅसल आणि हार्परबद्दल काळजी वाटते, फॉक्सबद्दल नाही. फॉक्समुळे यातल्या एखाद्याला दोन वर्षांनी कंटाळून दिलं तर ती खरी चूक होईल.

फॉक्सला ऑगस्ट 2025 मध्ये चार वर्षांचे 22 कोटी 90 लाख डॉलर दिले. हे जास्त नाही झालं?

जास्त आहे, आणि इथे मी स्पर्सच्या बाजूने नाही. तो करार 2026-27 ला सुरू होतो, तेव्हा फॉक्स एकोणतिसाव्या वर्षात असेल. त्याचा खेळ वेगावर उभा आहे, आणि गार्डचा वेग तिशीनंतर उतरतो. त्याच सुमाराला वेम्बीचा मोठा करार येणार, मग कॅसलचा, मग हार्परचा. एनबीएच्या नव्या नियमात दुसऱ्या एप्रनच्या (टीमच्या एकूण पगाराची ठरवलेली वरची रेषा) वर गेलेल्या टीमला दोन प्लेअरचे पगार एकत्र करून ट्रेड पण करता येत नाही, म्हणजे हात बांधले जातात. एक वर्ष कमी किंवा थोडी कमी रक्कम यावर ताणून धरायला हवं होतं असं मला ठाम वाटतं. त्याला यायचंच होतं ना इथे, मग ती ताकद ट्रेडच्या वेळी वापरली तशी कराराच्या वेळी का नाही वापरली?

भारतातून मॅच कधी दिसतात?

सॅन अँटोनियोची घरची मॅच संध्याकाळी सातला असेल तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा, आणि तिकडे उन्हाळी वेळ चालू असेल तेव्हा साडेपाच.

आता पुढे यातल्या कोणाला तरी द्यावंच लागेल का?

लगेच नाही. कॅसल आणि हार्पर दोघंही रुकी करारावर, पगाराचा ताण अजून लांब आहे. 2027 चं अटलांटाचं पिक अजून हातात आहे, फॉरवर्ड हवा असेल तर त्याच्यावर आणता येतो. मी असतो तर कॅसलला हात लावला नसता, वेम्बीबरोबर डिफेन्समध्ये त्याच्याइतकं कोणी शोभत नाही. दोन सीझननंतर हार्पर तयार झालेला असेल आणि फॉक्सच्या करारात दोन वर्षं उरलेली असतील, गार्ड शोधणारी एखादी टीम तेव्हाही सापडेलच, आणि जायचंच असेल तर तेव्हा फॉक्स जावा.